कामावर दोन बोटं गेली, ठेकेदार सही मागतोय – भरपाईचा हक्क नेमका काय?

साकव (रत्नागिरी)

मंडळी, चुलत भावासाठी विचारतोय. वय ३५. रत्नागिरीजवळच्या एका बर्फ कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होता. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही. हंगामात बोटी सुटायच्या आधी बर्फ भरायचा असतो, त्यामुळे मध्यरात्रीपासून लाद्या क्रशरमध्ये ढकलायचं काम चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रशरच्या तोंडाशी लादी अडकली. ती फळकुटानं सारताना हातमोजा दात्यांत ओढला गेला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून काढावं लागलं.

ऑपरेशनचा खर्च कंपनीनं केला. त्यानंतर पगार बंद. आता ठेकेदार म्हणतो, "हात तू घातलास, चूक तुझी. तरी माणुसकी म्हणून वीस हजार देतो, या कागदावर सही कर." कागदावर टाईप केलंय की माझी कसलीही मागणी शिल्लक नाही. कंपनीकडे गेलो तर म्हणतात, तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराशी बोला. आता कुणाकडे जायचं? आणि चूक खरंच त्याची धरली तर काहीच मिळत नाही का?

सुरंगी (महाड)

बाकीचे सविस्तर लिहितीलच. सही मात्र करू देऊ नका. अंगठाही नको, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. घरात वहिनींना आणि काकांनाही सांगून ठेवा, कारण कागद घेऊन येणारा माणूस नेमका तुम्ही घरी नसताना येतो.

वाशिष्ठी (चिपळूण)

साकव, मी एका वकिलांकडे नुकसानभरपाईचीच प्रकरणं बघते, म्हणून जरा लांब लिहिते.

चूक कुणाची, हा प्रश्न या कायद्यात जवळजवळ येतच नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, आणि तुमच्या भावाच्या अपघाताला तोच लागू. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, की मालक भरपाई देणं लागतो. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. कामगाराची नजर चुकली, घाई झाली, तरी हक्क जात नाही. मालकाला सुटका मोजक्याच बाबतींत आहे. कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता, सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्राचं संरक्षक कवच जाणूनबुजून काढलं, आणि त्यामुळेच अपघात झाला, तरच. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर यांतली एकही सबब चालत नाही.

"ठेकेदाराचा माणूस" ही सबबही टिकत नाही. कारखान्याच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदारामार्फत माणूस लावला असेल, तर कलम १२ प्रमाणे मूळ मालकाकडूनच भरपाई मागता येते. मालकानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांच्या आपसातला व्यवहार. अर्जात दोघांनाही सामनेवाले करायचं.

आणि तो कागद. कायद्यातला भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दच असतो. खरोखरची तडजोड असेल तर तिची आयुक्तांकडे, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंद करावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. तरीही सही करू नका, कारण कोर्टात तोच कागद पुढे ठेवून वर्ष-वर्ष वाद घातला जातो. हॉस्पिटलचं बिल भरलं म्हणून ते भरपाईतून वळतं करता येत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च हा मालकानं वेगळा द्यायचा असतो.

मला एवढं सांगा: पगार किती होता आणि कसा मिळायचा? ईएसआयसीची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात होती का? एकूण माणसं किती? आणि क्रशरच्या तोंडावर जाळी होती का?

साकव (रत्नागिरी)

ताई, मनापासून आभार. पगार महिना १८,०००, ठेकेदाराच्या फोनवरून यूपीआयनं यायचा. पगारपत्रक नाही, कपात नाही. कंपनीचे आणि ठेकेदाराचे मिळून नऊच जण.

जाळीचं ऐका. जाळी होती, पण लादी अख्खी आत जात नाही म्हणून काढून ठेवलेली. भाऊ कामाला लागला तेव्हापासून ती दाराच्या मागे टेकवलेलीच होती म्हणे. तिथल्याच एकानं फोटो पाठवलाय. जाळीच्या कडेला शेवाळ धरलंय आणि क्रशरच्या बाजूची बोल्टांची भोकं गंजून बुजल्यासारखी झालीत.

वाशिष्ठी (चिपळूण)

तो फोटो जपून ठेवा. ज्या फोनवर आला त्या फोनवर मूळ मेसेजसकट तसाच राहू द्या, फॉरवर्ड करून मूळचा पुसू नका. गंजलेली भोकं म्हणजे जाळी त्या रात्री काढलेली नाही. "कामगारानं कवच काढलं" ही सबब तिथेच संपते. यूपीआयच्या नोंदींचं बँकेतून स्टेटमेंट काढा. पगारपत्रक नसलं तरी दरमहा त्याच नंबरावरून येणारी तीच रक्कम हा नोकरीचा चांगला पुरावा असतो. हॉस्पिटलचे केसपेपर मागून घ्या. दाखल करताना "बर्फ कारखान्यात मशीनमध्ये हात सापडला" असं लिहिलं असेल, तर ती ओळ फार मोलाची.

नऊ जण, म्हणजे राज्य विम्याच्या दहाच्या अटीत ते बसत नाहीत. तेव्हा नुकसानभरपाईचाच मार्ग. यंत्रशक्तीवर उत्पादन चालतं तिथे नऊ काय, दोन माणसं असली तरी हा कायदा लागू होतो.

आता हिशेब. कायमच्या अपंगत्वासाठी पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणून तुमचे १८,००० असले तरी १५,०००च. त्याचे ६० टक्के ९,०००. पूर्ण केलेल्या ३५ वर्षांसाठी गुणांक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०. ही शंभर टक्के अपंगत्वाची रक्कम झाली. परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेल्यास कमाईची क्षमता २० टक्के कमी झाली असं धरलंय. म्हणजे ३,५४,७०८ रुपये. वीस हजार कुठे आणि हे कुठे!

अपघात झाला त्याच दिवशी ही रक्कम देय होते. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, तोही कामगारालाच मिळतो.

खरी लढाई टक्क्यांवर असते. २० हा आकडा मी शेवटचा मानणार नाही. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता या १९७५ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे एक सुतार होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे टक्के शंभराहून कमी, पण एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं गेलं. तुमचा भाऊ उजव्या हातानं आकडा (हूक) धरून लादी ओढायचा. तर्जनी आणि मधलं बोट नसताना आकड्याची पकड राहते का, हे डॉक्टरांच्या दाखल्यात आलं पाहिजे. नुसतं "दोन बोटं नाहीत" एवढ्यावर भागत नाही. सिव्हिलमध्ये तपासणी होईल तेव्हा काय काम करत होतो आणि आता काय जमत नाही ते डॉक्टरांना सविस्तर सांगायला लावा, आणि तसं लिहून मागा. टक्के वाढवून मिळतीलच असं नाही, पण पुराव्याशिवाय वाढत नाहीत हे नक्की.

भाट्ये (रत्नागिरी)

मी छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, चार पोरं कामाला आहेत. वाशिष्ठीताईंचं सगळं मान्य, पण एक बाजू मांडतो. साडेतीन लाख आणि वर व्याज-दंड, हे माझ्यासारख्याला एका दमात भरायला लागले तर शेड विकावी लागेल. माणसाच्या चुकीनं झालं तरी मीच द्यायचे, हे सुरुवातीला फार जड गेलं होतं मला. आता डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगार भरपाईचा विमा, काढलेली आहे. इथे जे कुणी लहान मालक असतील त्यांनी ती आजच काढावी. हप्ता पगारावर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो, आणि माझ्यासाठी तो वेल्डिंग रॉडच्या खर्चाइतकाही नाही.

निवळी फाटा

भाट्येदादा, तुम्ही पॉलिसी काढलीत हे फार चांगलं केलंत. पण जड जाण्याचं म्हणाल तर मला वाटतं, ते ओझं कुणावर तरी पडणारच आहे. कायदा नसता तर ते त्या पोराच्या घरावर पडलं असतं, आणि त्याच्याकडे विकायला शेडसुद्धा नाही.

आमच्या बाजूला चिरेखाणी आहेत. चिरा कापायच्या मशीनचं पातं उघडं, त्याच्या शेजारून माणूस अनवाणी चालतो. बहुतेक कामगार विजापूरकडचे. अपघात झाला की मुकादम औषधपाण्याचे पैसे देऊन गाडीत बसवतो आणि माणूस गावी जातो तो जातोच. नंतर त्याला कोण सांगणार की तुझा हक्क होता? मी दोघातिघांना विचारलं तर म्हणाले, केस करायची तर रत्नागिरीत येऊन राहावं लागेल, ते कसं जमायचं?

वाशिष्ठी (चिपळूण)

नाही राहावं लागत! अपघात जिथे झाला तिथे, कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. विजापूरचा माणूस विजापुरात अर्ज करू शकतो. निवळी फाटा, हे तुम्ही त्या लोकांना जरूर सांगा. मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे. उशिराचं पुरेसं कारण दाखवलं तर आयुक्त पुढेही घेऊ शकतात, पण त्या भरवशावर राहू नये.

भाट्ये, पॉलिसीबद्दल एक भर. विमा कंपनी भरपाई देते, व्याजाचं पॉलिसीच्या अटींवर ठरतं, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. म्हणून अपघात झाला की विमा कंपनीला लगेच कळवा आणि रक्कम अडवून धरू नका.

सर्जेकोट (मालवण)

माझो मामेभाव ट्रॉलरार खलाशी. विंचात दोर आवळलो नि उजव्या पायाचा हाड मोडला. चार म्हयने घरात आसा. मालक म्हणता, तू पगारी नाय, वाटेकरी आसस, मगे तुका भरपाई कसली? ह्या खरा काय?

वाशिष्ठी (चिपळूण)

सर्जेकोट, मालकानं "वाटेकरी" म्हटलं म्हणून तो वाटेकरी होत नाही. बोट कुणाची, डिझेल-बर्फ कोण भरतं, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) कुणाचा हुकूम पाळतो, हंगामाआधी उचल कुणी दिली, मध्येच सोडून गेल्यास उचल परत मागतात का, यावरून ठरतं. बोटीच्या तोट्यात त्याचा वाटा नसेल आणि फक्त मासळीच्या विक्रीतून हिस्सा मिळत असेल, तर तो हिस्सा म्हणजे कामाचा मोबदलाच, असं मांडता येतं. यावर वाद होतो, मालकाचे वकील हाच मुद्दा घेतात, त्यामुळे उचलीच्या वहीतली नोंद, पैसे आल्याचे मेसेज, बोटीवरच्या दोन खलाशांची साक्ष एवढं जमवा. हाड जुळून तो पुन्हा कामावर गेला तरी मधल्या काळासाठी भरपाई आहे: दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार.

याखेरीज मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, हॉस्पिटलसाठी २५ हजार. त्याचं नाव यादीत आहे का, हे मच्छीमार सोसायटीत आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात आजच विचारा. तो विमा वेगळा, मालकाची जबाबदारी वेगळी. एक मिळालं म्हणून दुसरं बुडत नाही.

सुरंगी (महाड)

मला मृत्यूच्या बाबतीत लिहायचंय, कारण आमच्या भागात हे फार घडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाड एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. एकटा-दुकटा माणूस टाकी साफ करताना जातो तेव्हा कुणाला कळतही नाही.

माझ्या ओळखीतली एक बाई. नवरा चाळिशीत गेला. ठेकेदारानं बाराव्याच्या आधीच सासऱ्यांच्या हातात रोख रक्कम ठेवली आणि दिराची सही घेतली. तिला बाहेरच्या खोलीत बोलावलंसुद्धा नाही. पुढे ती माहेरी आली तेव्हा तिच्या हातात मुलीचं दप्तर आणि नवऱ्याचं आधार कार्ड, बस्स. सगळे म्हणाले, पैसे देऊन झाले, आता काय उरलं? पण तसं नसतं. वाशिष्ठीताई, मी बरोबर सांगतेय ना?

वाशिष्ठी (चिपळूण)

अगदी बरोबर. मृत्यूची भरपाई मालकानं आयुक्तांकडे जमा करायची असते, कुणाच्या हातात द्यायची नसते. कलम ८ आहे ते. आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगारापर्यंत दिलेले पैसे वळते होतात, बाकी परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. जमा झालेल्या रकमेचं वाटप आयुक्त करतात, आणि विधवा व अल्पवयीन मुलं त्यात पहिल्या रांगेत असतात. पुन्हा लग्न, माहेरी राहणं, असल्या कारणांनी नवऱ्याच्या मृत्यूच्या वेळी निर्माण झालेला हक्क सासरच्यांना गिळता येत नाही.

हिशेब बघा. वय ४०, गुणांक १८४.१७. मृत्यूत पगाराच्या ५० टक्के, म्हणजे १५,००० चे ७,५००. रक्कम १३,८१,२७५. दोन वर्षं झाली नसतील तर त्या ताईंना घेऊन आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. औद्योगिक कामगारालाही मिळतो, साकव, हे तुमच्यासाठी. फोनवरून विचारायचं तर १५१००.

कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर मात्र आधी ईएसआयसी बघायचं. तिथे एकरकमी नाही, वारसांना दरमहा पेन्शन मिळते, आणि मग नुकसानभरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. मालकानं नोंदणीच केली नसेल तरी कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. लोटे, महाड, रोह्याच्या लोकांनी हे लक्षात ठेवा.

पावस

हापूसच्या बागेतल्या अपघातांचं काय? आमच्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी झाडावरून पडतो. राखणीला आलेले नेपाळी गडी तर बागेतच झोपतात.

वाशिष्ठी (चिपळूण)

शेतीकाम सरसकट या कायद्यात येत नाही, हे त्याचं मोठं वैगुण्य आहे असं मला वाटतं. पण औषध फवारणी आणि यंत्रावरचं काम यादीत आहे. मोहोराच्या वेळी पंप घेऊन फांदीवर चढलेला गडी पडला तर दावा होतो. बागायतदार स्वतः किंवा त्याच्या घरचं कुणी पडलं, साप चावला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यूला २ लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. ती सातबारावर नाव असलेल्या कुटुंबासाठी, गड्यासाठी नाही.

कोपर खाडी (मूळचा गुहागर)

कामावर जाताना रस्त्यात अपघात झाला तर? माझा भाचा पहाटेच्या पाळीला बाईकवरून जाताना पडला.

वाशिष्ठी (चिपळूण)

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही कामामुळे झालेला धरता येतो, मात्र वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसला पाहिजे. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं होतं, साखर कारखान्याचा राखणदार पहाटे तीनच्या ड्युटीला निघाला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर हे लिहूनच टाकलंय. त्या तारखेनंतरचे अपघात संहितेखाली येतात. आधीचे जुन्या कायद्याखाली. समोरच्या गाडीची चूक असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्गही असतो, बऱ्याचदा तिथे रक्कम जास्त मिळते, पण दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. मोटार वाहन कायद्यात अर्जाला सहा महिने लिहिलेत, तेव्हा वेळ घालवू नका.

साकव (रत्नागिरी)

मंडळी, पुढचं कळवतो. विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाले. कंपनी आणि ठेकेदार दोघांनाही रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली. पोचपावती आल्याच्या संध्याकाळी ठेकेदार स्वतः घरी आला, आता पाऊण लाख म्हणतोय, कंपनीचा मॅनेजरही फोनवर गोड बोलतोय. भावाचं म्हणणं, हप्ते थकलेत, निदान हे तरी घेऊ. घरात दोन मतं झालीत. घेतले तर केस बुडते का?

वाशिष्ठी (चिपळूण)

घेतल्यानं केस बुडत नाही, पण कसे घेता ते महत्त्वाचं. रोख नको, भावाच्या खात्यावर घ्या. पावती तुमचे वकील लिहितील, त्यात "भरपाईपोटी अंशतः रक्कम, उर्वरित मागणी कायम ठेवून" असे शब्द हवेत. ठेकेदारानं आणलेल्या मजकुरावर सही नाही. या अटीवर तो पैसे द्यायला तयार नसेल तर ते पैसे कशासाठी होते ते तुम्हाला कळलंच. अर्ज दाखल करायचं मात्र थांबवू नका, पैसे आले तरी आणि नाही आले तरी.

भाट्ये (रत्नागिरी)

साकव, हप्ते कुठल्या पतपेढीचे आहेत? अपघाताचे कागद दाखवून हप्ते पुढे ढकलून मागा, मी माझ्या माणसासाठी मागितले होते आणि मिळाले. अर्जाचा नमुना हवा असेल तर मेसेज करा. आणि हात बरा झाल्यावर काम लागेल, तेव्हाही सांगा. कटिंगचं नाही देणार, पण स्टॉक आणि डिलिव्हरी बघायला मला विश्वासाचा माणूस हवाच आहे.

साकव (रत्नागिरी)

मेसेज केलाय भाट्येदादा. अर्ज सोमवारी दाखल होतोय.